खोकला

बाबांना वास येत नाही.
आंजुआन बेटावर ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती:
त्यांना, मला आणि आईला.
आता दोघांना.

इलांग-इलांगचं झाड आम्ही उंच होऊ देत नाही.
कोवळं असतानाच शेंडा मोडतो, फांद्या वाकवून बांधतो,
मग ते आयुष्यभर आडवं वाढतं,
गुडघ्यांवर हात टेकलेल्या म्हातारीसारखं,
आणि फुलं बाईच्या हाताला येतात.
हिरवी तोडायची नाहीत.
पिवळी, पाकळ्या लोंबलेली,
गळ्याशी तांबूस ठिपका उमटलेली तेवढीच.
ऊन चढायच्या आत टोपली तराजूवर,
कारण ऊन हा पहिला चोर,
आणि तराजू दुसरा.

शंभर किलो फुलं, आंब्याची लाकडं,
ओढ्याचं पाणी नळीवरून सोडलेलं.
वीस तास.
वाफ फुलांतून वाट काढते, नळीत गारठते,
आणि काचेच्या भांड्यात पाण्यावर
तेल धरतं, आधी नखाएवढं, मग बोटभर.

पहिल्या दोनेक तासांचं तेल समुद्रापार जातं.
त्याचं नाव एक्स्ट्रा.
ज्या गळ्यांवर ते लागतं ते आम्ही पाहिलेले नाहीत.
मग पहिलं, मग दुसरं,
आणि रात्र उतरताना तिसरं, जडशीळ, लाकूडवासाचं,
ते साबणात जातं.
बाटली नेमकी कधी बदलायची
यावर आमचा वर्षाचा तांदूळ.
मोजायचा काटा आहे खुंटीला टांगलेला,
पण व्यापारी सुलेमाना काट्याकडे बघतही नाही.
म्हणतो, अत्तूमानचं नाक म्हणजे नाक.

ते नाक माझ्या जन्माआधीच एका तापात गेलं.
तेव्हापासून आई भट्टीमागे लाकडं सारत बसायची
आणि वेळ झाली की खोकायची.
एकदाच.
बाबा भांड्यावर वाकलेले, डोळे मिटलेले,
खोल श्वास घ्यायचे
(सुलेमाना समोर असला की जरा जास्तच खोल)
आणि हात वर करायचे: बदला.
गावात म्हणायचे, एचाताच्या छातीत धूर बसलाय.
दवाखान्यातून तिला औषधाची बाटली मिळायची,
ती मी चोरून प्यायचे. गोड असायची.

परवा तिचा चाळिसावा झाला.
आज तिच्याशिवाय पहिली भट्टी.
तिच्या जागेवर मी बसले, तिच्याच पाटावर,
तो माझ्या मापाचा नाही.

मला वास येतो. तिनेच शिकवला.
आधी पिकलेल्या केळ्याचा, मग जाईचा,
मग मागून कुठूनतरी लवंग.
लवंगेनं डोकं वर काढायच्या आत थांबायचं,
असं ती सांगायची.
मी थांबले. वास घेतला. खोकले.

बाबांचा हात वर गेला नाही.
नळीतून थेंब पडत राहिले.
मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.
पुन्हा खोकले, मोठ्यानं,
कोंबड्या हलल्या खुराड्यात.

मागे न वळता ते म्हणाले,
"तुझी आई जरा उशिरा खोकायची."

किती उशिरा?

त्यांनी एक लाकूड उचललं, मनगटाएवढं,
आणि आगीत सरकवलं.
"हे मोडून पडेपर्यंत."

म्हणजे इतकी वर्षं एक्स्ट्रामध्ये चिमूटभर लवंग होती,
आणि सुलेमाना तिलाच नाक म्हणत होता.
महागाच्या बाटलीत चार चमचे जास्त पडावेत म्हणून,
की तिला स्वतःला लवंग आवडायची म्हणून?
बाबांना विचारून उपयोग नव्हता,
त्यांना फक्त लाकूड माहीत.

आम्ही दोघं आगीकडे बघत बसलो.
लवंग आली. मी तिला येऊ दिलं.
लाकूड मधोमध लाल झालं, वाकलं, मोडलं.
मी खोकले.

बाबांनी हात वर केला,
आणि खोल श्वास घेतला,
बघायला कोणी नव्हतं तरी.